एका घरातून एकच

"टाकलीस ती टाकलीस, पण मग सांगायची काय गरज होती?"

नवरा न्हाणीघराच्या दारात उभा होता. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा, आणि रविवारी सकाळी आठ वाजता आवाज असा, की शेजारच्यांनाही विषय कळावा.

"मास्तरांनी विचारलं म्हणून सांगितलं," ती म्हणाली. ती टेबल पुसत होती. दोनदा पुसून झालं होतं, तरी पुसत होती.

"मास्तर काय, उद्या कपाटाची किल्ली मागतील. देशील?"

"तिथला नियम आहे तो. पहिल्या दिवशी तुम्हीच मला सांगितला होता."

"नियम माणसांसाठी असतात. आठवत नाही म्हणायचं. जोडी होती म्हणायचं, छोटीशी. कोण बघायला येणार होतं? पानं तर मिसळून गेली होती."

"खोटं बोलायचं?"

"तीन तास दुसरं काय करतो आपण तिथे?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते देण्याआधी सासूबाई त्यांच्या खोलीतून भिंतीला हात लावत लावत आल्या आणि खुर्चीत बसल्या. कानातलं यंत्र त्यांनी नेहमीप्रमाणे डबीतच ठेवलं होतं. सून इस्पितळात कान तपासते आणि सासू यंत्र लावत नाही, हा त्या घरातला जुना विनोद होता. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की या घरात ऐकण्यासारखं जे असतं ते तसंही ऐकू येतं.

"कोणी काय टाकलं?" त्यांनी विचारलं.

"पत्ते, आई," नवरा ओरडला.

"मग कचरा अजून गेला नसेल. बघ जाऊन."

लेक स्वयंपाकघरात हसली. नवऱ्याने आत बघितलं. गेले पाच दिवस तो लेकीकडे अशाच दुखावलेल्या नजरेने बघत होता. मग त्याने वस्तरा धुतला, आणि फेस तसाच ठेवून मुद्द्यावर आला.

"नऊ वर्षं जातोय मी तिथे. नऊ. तुला नेलं कुणी? मी. आणि आता एकच खुर्ची उरली, तर ती कुणाची हे विचारावं लागतं का?"

तिने टेबल तिसऱ्यांदा पुसलं.

खुर्ची मास्तरांच्या घरातली. मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दर शनिवारी तीन ते सहा पोकर चालायचा. लावलेली रक्कम इतकी किरकोळ, की सगळ्यात वाईट दुपारीसुद्धा सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा जास्त कुणाचं जात नसे. पण खेळ मात्र कडक. मास्तर, दाताचा डॉक्टर, कोपऱ्यावर दुकान चालवणारी औषधवाली आणि गाडी शिकवणारा तिचा नवरा, असे चौघं जुने. पाचव्याची बदली झाली तेव्हा चौघांत मजा येईना. दीड वर्षापूर्वी नवरा म्हणाला, "हिलाच आणतो. पत्ते ओळखते, एवढं पुरे. खुर्ची तर भरेल."

खुर्ची भरायला ती गेली; सासूबाईंची तीनची गोळी शनिवारपुरती लेकीकडे आली.

खेळ समजायला अवघड नव्हता. प्रत्येकाला दोन पानं, कुणाला दिसणार नाहीत अशी. मग मध्ये पाच पानं उघडायची, सगळ्यांची सामायिक. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून ज्याची पाच सगळ्यांत भारी, तो जिंकला. दर टप्प्याला चकत्या सरकवायच्या. पुढे जायचं नसेल तर पानं टाकून द्यायची. ज्याने सगळ्यांना टाकायला लावलं, तो हातात काही नसतानाही जिंकतो. खरी गंमत तिथेच.

पहिले दोन महिने तिने काहीच टाकलं नाही. पुढचं पान काय येतंय ते बघितल्याशिवाय तिला राहवतच नसे. हातात दुर्री आणि सत्ती असली तरी ती चकत्या सरकवायची.

"वहिनी," मास्तर एकदा म्हणाले, "तुम्ही प्रत्येक भांड्यावरचं झाकण उचलून बघताय. बघण्याचे पैसे पडतात इथे."

"पुरुषाने असं केलं असतं तर धाडस म्हटलं असतं," औषधवाली म्हणाली. "बाई, तू कर खुशाल."

"करा, करा," दातवाला म्हणाला. "माझ्या पेट्रोलचा खर्च निघतो."

ते तिला लागलं. पैशांचं नाही, हसून बोलले ते. त्या सोमवारी ती पत्त्यांचा जोड पिशवीत घालून कामावर गेली.

कानाच्या विभागात तिची एक छोटी खोली होती आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली: काचेची खिडकी असलेली, जाड भिंतींची पेटी, जिच्यात बाहेरचा कसलाही आवाज पोचत नाही. पेशंट आत बसतो, कानांवर यंत्र लावतो, आणि बारीक आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबतो. ती काचेबाहेर बसून आवाज कमी-कमी करत जाते. तेवीस वर्षं हेच काम. त्यात तिला एक गोष्ट पक्की कळली होती: चेहऱ्याकडे बघायचं नाही. आवाज न देताही बटण दाबणारे असतात; म्हातारे झालो हे त्यांना कबूल नसतं. आणि सगळं ऐकू येत असूनही न दाबणारे असतात, त्यांना सवलतीचा दाखला हवा असतो. चेहरे दोघांचेही साळसूद. पण अंगठा बोलतो. आवाज गेला की न दाबणाऱ्याचा अंगठा किंचित दचकतो, आणि मग तो त्याला दाबून धरतो.

जेवणाच्या सुट्टीत ती त्या पेटीत जाऊन बसू लागली. मांडीवर फाईल, फाईलवर पत्ते. चार खोट्या खेळाडूंना पानं वाटायची, आपली बघायची, टाकायची की ठेवायची ते ठरवायचं, आणि मग सगळ्यांची उघडून बघायची. आत इतकी शांतता, की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की दहातल्या सात वेळा पानं टाकण्याच्याच लायकीची येतात. तीन महिन्यांत कळलं, की शेवटी बोलणाऱ्याचा फायदा असतो, कारण तोवर बाकीचे काय करताहेत ते त्याला दिसलेलं असतं. घरात ती लग्न झाल्यापासून सगळ्यांच्या शेवटीच बोलत आली होती. त्याला फायदा म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं.

मग हळूहळू टेबलाभोवतीचे हात दिसायला लागले. दातवाल्याकडे चांगली पानं असली की तो चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. नसली की चकती खाली ठेवायचा. औषधवाली जोरात असली की नातवाचा विषय काढायची. मास्तरांचं काही म्हणजे काही दिसत नसे; त्यांच्याशी फक्त हिशेबानेच खेळावं लागे.

वर्ष संपता-संपता दातवाला म्हणाला, "मास्तर, माझा पेट्रोलचा खर्च कुठे गेला हो?"

"वहिनींच्या पिशवीत," मास्तर म्हणाले. त्या दिवशी घरी येताना तिला रस्ताभर चालत राहावंसं वाटलं. दोन थांबे आधीच उतरून ती चालली. नवरा म्हणत होता, "अगं, पाय दुखतील." तिला पाय आहेत हेच आठवत नव्हतं.

राहिला नवरा. त्याचं तर तिला पहिल्याच महिन्यात समजलं होतं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. अठ्ठावीस वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस तो. घाबरला की त्याचा उजवा पाय आपोआप खाली जायचा. टीव्हीवर कुणी गाडी भरधाव हाकली तरी जायचा. मास्तरांच्या टेबलाखाली एक आडवी दांडी होती. नवऱ्याने थाप मारली, म्हणजे हातात काही नसताना चकत्यांचा ढीग पुढे लोटला, की पाय त्या दांडीवर पडायचा आणि तिच्या कपातल्या चहावर बारीक वलयं उठायची. वर चेहरा अगदी विमानतळावरच्या अधिकाऱ्यासारखा.

हे तिने कधी वापरलं नाही. वलयं दिसली की ती आपली पानं टाकायची. घरातल्या गोष्टी घरात, असं काहीसं तिच्या मनात असावं. खरं तर तिने त्याचा विचारच केला नव्हता. घरी नाही का, रस्ता चुकल्यावर तो "हाच जवळचा आहे" म्हणाला की ती खिडकीबाहेर बघते, तसंच.

कालच्या शनिवारी मात्र डाव मोठा होता. आणि आठवडा वाईट होता. मंगळवारी लेकीने गाडी चालवण्याचा परवाना आणून टेबलावर ठेवला. शिकली कुठे, तर बाजारपेठेतल्या दुसऱ्या शाळेत, बापाला पत्ता लागू न देता. "बाबा शेजारी बसले की मला घाम फुटतो," एवढंच तिचं कारण. नवरा हसला, पेढा नको म्हणाला, आणि त्यानंतर चार दिवस घरात एकाही माणसाला काही शिकवायला गेला नाही. हे फार वाईट लक्षण होतं.

त्या डावात तिच्या हातात दोन अठ्ठ्या होत्या. मध्ये दोन राण्या, एक अठ्ठी, एक तिर्री आणि शेवटी राजा. म्हणजे तिच्याकडे तीन अठ्ठ्या आणि दोन राण्या. असा हात वर्षातून चार वेळा आला तर पुष्कळ. बाकीच्यांनी पानं टाकली होती. समोर एकटा नवरा. त्याने आपल्या सगळ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढे लोटल्या आणि खुर्चीला टेकून बसला.

चहावर वलयं उठली.

तिने त्याच्याकडे बघितलं. मानेवर नीट न कापलेले केस दिसले, शर्टाच्या कॉलरची घासलेली घडी दिसली. तिने पानं पालथी करून मध्ये सरकवली.

"गेलं," ती म्हणाली. नवऱ्याने ढीग ओढला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा दातवाल्याला गाडी वळवण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली.

झालं ते इतकंच. पण मास्तरांकडची एक पद्धत होती, तिला ते चिरफाड म्हणत. सहा वाजता खेळ संपला की त्या दिवसाचा सगळ्यात मोठा डाव निवडायचा, आणि कुणाकडे काय होतं, कुणी काय विचार केला, ते ज्याने-त्याने सांगायचं. त्यातून शिकायचं. तीन तास हवं तितकं खोटं बोला, पण चिरफाडीत नाही. पानं कुणी तपासत नसे, शब्दावर चालायचं. ती जे काही शिकली होती, त्यातलं निम्मं या शेवटच्या वीस मिनिटांत शिकली होती.

मास्तरांनी विचारलं, "वहिनी?"

ती म्हणाली, "दोन अठ्ठ्या."

 मग दातवाला म्हणाला, "तीन अठ्ठ्या आणि दोन राण्या टाकून जो माणूस बसतो, तो एक तर आजारी असतो, नाहीतर लग्न झालेला."

औषधवाली हसली नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चूक माझी," ते म्हणाले. "मला आधीच लक्षात यायला हवं होतं. फसवणूक म्हणत नाही मी. पण टेबलाला पाच माणसं हवीत, साडेचार नकोत. पुढच्या शनिवारपासून एका घरातून एकच. कोण येणार ते तुम्ही दोघं ठरवा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे पाचवा कुणी बघतो."

रविवार भांडणात गेला आणि संध्याकाळ अबोल्यात. सोमवारी कामावर एका म्हाताऱ्याची तपासणी करताना तिचा क्रम चुकला. कुठला आवाज दिला, कुठला राहिला, काही कळेना. तिने त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवलं. "माझे कान गेले का हो?" ते घाबरून विचारू लागले. "तुमचे नाही, आजोबा," ती म्हणाली.

घरी तिचे हात थांबेनात. कपाटातल्या चादरी काढून पुन्हा त्याच घड्यांनी ठेवल्या. मिठाची बरणी डावीकडून उजवीकडे नेली, मग परत डावीकडे. सासूबाई बघत होत्या. "काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग माझं नेलकटर शोध. असंही शोधतेच आहेस."

मंगळवारी लेकीने तोडगा काढला. "एक शनिवार बाबा, एक शनिवार तू. मास्तर नाही म्हणणार नाहीत."

"मला चालेल," नवरा लगेच म्हणाला. "पहिले दोन मी जातो, सगळं जरा निवळू दे, मग बघू."

त्याचं "मग बघू" तिला सव्वीस वर्षांपासून माहीत होतं. गच्चीवरचा नळ, बहिणीच्या गावची सहल, स्वयंपाकघरातली खिडकी, सगळं त्या "मग बघू"त होतं. तरी तिला वाटलं, काय हरकत आहे? एकाआड एक. नऊ वर्षांचा त्याचा हक्क खराच होता. तिला त्या खोलीत त्यानेच नेलं होतं हेही खरं. आणि असं वाटत असतानाच हात चमच्यांच्या खणाकडे गेले आणि तिने सगळे चमचे बाहेर काढले.

बुधवारी तो फार गोड वागला. न सांगता पिठाची पिशवी आणली. तिच्या चपलेचा बंद शिवून आणला. तिने चप्पल पायात घालून बघितली, काढली, दारापाशी ठेवली, पुन्हा घालून बघितली.

गुरुवारी सकाळी तिची बस चुकली, म्हणून नवऱ्याने तिला शिकवणीच्या गाडीतून इस्पितळात सोडायचं ठरवलं. टपावर पाटी, मागे मोठ्या अक्षरात 'शिकाऊ'. ती शेजारच्या सीटवर बसली. तिच्या पायांपुढे तो जास्तीचा ब्रेक. त्या गाडीत बसताना पाय मागे ओढून बसायची तिची सवय होती.

नवरा मजेत होता. सकाळी एका नव्या मुलीने नाव घातलं होतं.

"अजून रागावलीस?" त्याने विचारलं.

"नाही. एक विचारू? त्या डावात तुमच्याकडे होतं काय? तुम्ही दश्शी-गुलाम सांगितलं मास्तरांना."

"तेच होतं. शप्पथ. काही म्हणजे काही जुळलं नव्हतं." तो हसला. "समोर दातवाला असता ना, तर हात लावला नसता मी. औषधवाली असती तरी नाही. तू होतीस म्हणून लोटला सगळा ढीग."

"मी होते म्हणून?"

"अगं, तू टाकतेसच. माझ्यापुढे नेहमी टाकतेस. मी पहिल्या पाच-सहा महिन्यांतच ओळखलं. नऊ वर्षांत इतका खात्रीचा माणूस मला त्या टेबलावर मिळाला नव्हता." त्याने कौतुकाने तिच्याकडे बघितलं. "म्हणून तर तुझ्याशेजारी बसतो."

गाडी गचकन थांबली. नवऱ्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटता-आपटता राहिलं. मागून हॉर्नवर हॉर्न.

"पाय काढ! पाय काढ तिथून!"

तिने खाली बघितलं. तिचा उजवा पाय ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला. तिने तो काढला. नवऱ्याने गाडी पुन्हा सुरू केली, आणि पुढची दहा मिनिटं आरसा, अंतर आणि शेजारी बसणाऱ्याची जबाबदारी यांवर बोलला. ती ऐकत होती की नाही, सांगता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती पेटीत बसली. पत्ते काढले, पण वाटले नाहीत. दीड वर्ष ती समजत होती, की आपण त्याला काहीतरी देतो. कळून-सवरून, न बोलता. देणाऱ्याला एक मोठेपणा असतो, तोही तिने मनातल्या मनात घेतला होता. आणि तो समजत होता, की आपण जिंकतो. ती सगळ्यांचे हात वाचत बसली होती, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस तिला निवांत वाचत होता; तिने टाकलेल्या डावांवर शनिवारमागून शनिवार काढत होता. तिला राग आला, पण नवऱ्याचा फारसा नाही. खेळाडू म्हणून त्याचं काय चुकलं? चुकली ती. दातवाल्यासमोर ती पानं बघून टाकायची, आणि नवऱ्यासमोर मानेवरचे केस बघून. एवढं मोठं भगदाड ठेवून ती रोज अर्धा तास या पेटीत बसून बारीकसारीक छिद्रं बुजवत होती.

तिला बसवेना. पेटीत चालायला दोन पावलांची जागा. ती दोन पावलं गेली, दोन आली. बाहेर पेशंट काचेतून बघत होते. बाईंना आत काय झालंय, म्हणून एकाने शिपायाला बोलावलं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवायच्या टेबलाशी होते. लेक फोनमध्ये, सासूबाई औषधांच्या डबीत. नवऱ्याने आपला फोन काढला आणि मास्तरांचा नंबर शोधू लागला.

"मग मी सांगतो त्यांना," तो म्हणाला. "उद्या मी येतो म्हणून. पुढचं मग बघू."

"थांबा जरा," ती म्हणाली.

तो थांबला. तिच्याकडे बघितलं, आणि फोन टेबलावर ठेवला. मग एकदम वेगळ्याच, हळू आवाजात बोलला.

"हे बघ. तुझा खेळ माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला दिसतं. आंधळा नाही मी. पण दिवसभर त्या गाडीत माझी एक चूक झाली तर कुणाचा तरी हातपाय मोडेल. घरी आलो की हे विचार, ते विचार. पोरीलासुद्धा माझ्या शेजारी घाम फुटतो. तिथे तीन तास मला कुणी सर म्हणत नाही. चुकलो तर चकत्या जातात, बस्स. ते गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

लेकीने फोन खाली ठेवला. सासूबाईंनी डबी बंद केली.

ती त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी थाप नव्हती. तेवीस वर्षांच्या कामात शिकलेलं आणि दीड वर्षाच्या खेळात शिकलेलं सगळं तिने लावून बघितलं. तो खरं बोलत होता. आणि त्याच्या मानेवरचे केस अजूनही नीट कापलेले नव्हते. तिचे हात टेबलावर पुढे सरकू लागले, ते तिला दिसलं. तळवे खाली, पानं पालथी करून मध्ये लोटताना सरकतात तसेच. फार ओळखीची हालचाल होती ती. नळ, सहल, खिडकी, सगळं याच हालचालीने गेलं होतं. आता म्हणायचं, "बरं, जा तुम्ही," आणि उठून चहा ठेवायचा. घरात लगेच शांतता झाली असती.

पण त्याला मंगळवारी बॅडमिंटन होतं. रविवारी सकाळी फिरायला जाणारे सहा जण होते, त्यातही त्याला कुणी सर म्हणत नसे. हे त्याने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त त्याला आठवलं नव्हतं. तिने मनात आपल्या आठवड्याचे वार मोजून बघितले. त्यात स्वतःचा म्हणावा असा एकच वार होता, शनिवार.

तिने हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. 

"बाबांचंही बरोबर आहे," लेक हळूच म्हणाली. "एकाआड एक करा ना."

"एकाआड एक खेळून कुणी शिकत नाही," ती म्हणाली.

"शिकायचंय कुणाला आता?" नवरा म्हणाला. "गंमत म्हणून जातो आपण."

"मला शिकायचंय."

"ती काय म्हणते?" सासूबाईंनी नातीला विचारलं.

"थांब आजी, अजून बोलतेय ती."

नवऱ्याने पुन्हा फोन उचलला होता. अंगठा पडद्यावर नुसताच फिरत होता. तिने हात पुढे केला, आणि का कोण जाणे, त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने मास्तरांचा नंबर काढला. लावण्याआधी टेबलाभोवतीच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि दळण आणायचं आहे हे सांगावं तितक्याच आवाजात सांगितलं.

"उद्यापासून शनिवारी मी जाणार आहे. एकाआड एक नाही, दर शनिवारी. आईंची तीन वाजताची गोळी तुम्ही द्या."